पदवी नसलेली सिस्टर

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आम्हा मुलांना ‘सिस्टर’ हा शब्द ऐकला की आजही आपोआप ताठ बसायची सवय आहे. आमच्या लेखी सिस्टर म्हणजे नन. दवाखान्यात सिस्टर म्हणजे नर्स. या लेखातल्या सिस्टर मात्र ननही नव्हत्या आणि कागदोपत्री बघायला गेलं तर नर्सही नव्हत्या! नर्सिंगचा कोर्स पूर्ण केल्याची त्यांची कुठेही अधिकृत नोंद नाही. तरीसुद्धा १९५१ साली अमेरिकेतल्या गॅलप पाहणीत लोकांनी सर्वांत आदरणीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं, तेही एलिनॉर रूझवेल्ट यांना मागे टाकून. या बाई मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. नाव एलिझाबेथ केनी.

कॉलेजच्या मासिकात दरवर्षी शास्त्रज्ञ, उद्योगपती, क्रांतिकारक यांची चरित्रं येतात. यायलाच हवीत. पण ऑपरेशन झाल्यावर, प्लास्टर निघाल्यावर, डॉक्टर राउंड घेऊन निघून गेल्यावर, पेशंटला धरून पहिलं पाऊल टाकायला लावणारं जे माणूस असतं त्याच्यावर सहसा कोणी लिहीत नाही. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्यांच्या हाताखालचे असिस्टंट, वॉर्डमधले टेक्निशियन... घरी गेल्यावर पेशंटला सर्जनचं नाव पाठ असतं, यांचं नसतं. केनीबाईंचं सगळं आयुष्य या कामात गेलं. म्हणून हा खटाटोप.

एलिझाबेथचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी न्यू साउथ वेल्समधल्या वॉरिआल्डा या छोट्या गावी झाला. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. कुटुंब या शेतावरून त्या शेतावर फिरत राहिलं, त्यामुळे शाळा झाली ती तुकड्यातुकड्यांत. सतराव्या वर्षी ती घोड्यावरून पडली आणि मनगट मोडलं. उपचारासाठी तिला टूवूम्बा शहरातल्या इनिअस मॅकडोनेल या सर्जनकडे नेलं. दुसरी कुठली मुलगी असती तर हात बरा झाल्यावर घरी गेली असती. हिने डॉक्टरांची शरीरशास्त्राची पुस्तकं वाचायला मागितली! कुठला स्नायू कुठून निघतो, कुठल्या हाडाला जाऊन चिकटतो, तो आखडला की काय हलतं, या गोष्टींचं तिला वेडच लागलं. धाकटा भाऊ विली अशक्त होता. त्याच्यावर तिने व्यायामाचे प्रयोग केले आणि तो चांगला धडधाकट झाला. थोडक्यात काय, प्रॅक्टिकल आधी झालं, थिअरी नंतर, आणि परीक्षा कधीच नाही.

१९१०च्या सुमारास ती क्वीन्सलंड राज्यातल्या नॉबी गावाहून परिचारिकेचं काम करू लागली. दूरदूर विखुरलेली शेतं, जवळ डॉक्टर नाही. निरोप आला की घोड्यावर बसायचं आणि जायचं. पैसे घ्यायचे नाहीत. १९११ मध्ये तिला एक लहान मूल दाखवलं गेलं. त्याचे हातपाय आखडून वेडेवाकडे झाले होते, हात लावला तरी किंचाळत होतं. असा आजार तिने पाहिलेलाच नव्हता. तिने मॅकडोनेलना तार केली. उत्तर आलं की हा बालपक्षाघात आहे, यावर ठोस उपचार नाही, लक्षणं बघून जमेल ते कर. तिने लोकरीच्या ब्लँकेटच्या पट्ट्या फाडल्या, उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळल्या आणि आखडलेल्या स्नायूंवर गुंडाळल्या. मूल शांत झोपलं. हा प्रसंग त्यांनी लिहिला तो तीसेक वर्षांनी, आत्मचरित्रात, त्यामुळे थोडंफार मीठमसाला लागला असणार असं आपलं मला वाटतं. पण मूळ गोष्ट साधी आहे. आखडलेल्या अंगाला आपली आजी शेक देते. केनीने तेच केलं.

आता पोलिओबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण आपल्या पिढीने तो पाहिलेलाच नाही. आपण फक्त रविवारी बूथवर जाऊन दोन थेंब प्यायलो आणि करंगळीवर शाई लावून घरी आलो. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. हा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. बहुतेकांना काहीच होत नाही. पण काही थोड्यांच्या बाबतीत तो मज्जारज्जूत शिरून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. आपल्या भाषेत, मोटर शाबूत पण वायरिंग जळालेलं. जेवढ्या पेशी वाचतात त्यांच्या जोरावर स्नायू पुन्हा थोडाफार, कधी कधी पुष्कळ, कामाला लागू शकतो.

त्या काळी डॉक्टर काय करत? तर हातपाय बांधून ठेवत. प्लास्टर, लाकडी-लोखंडी स्प्लिंट, अख्ख्या अंगासाठी फ्रेम. यामागे क्रूरपणा नव्हता, तर्क होता. एका बाजूचा स्नायू लुळा पडला की समोरचा चांगला स्नायू अवयवाला आपल्याकडे ओढणार आणि हाड वाकडं होणार, म्हणून कोणालाच ओढू द्यायचं नाही. कागदावरच्या फोर्स डायग्रॅममध्ये हे अगदी बरोबर दिसतं. पण मूल महिनोन्महिने बांधलेलं राहायचं. प्लास्टर काढलं की आत बारीक काठीसारखा पाय, घट्ट झालेला सांधा, आणि पाय हलवायचा असतो हेच विसरलेलं मूल. मग कॅलिपर, कुबड्या, चाकाची खुर्ची.

पहिल्या महायुद्धात, मे १९१५ मध्ये, मॅकडोनेलच्या पत्राच्या आधारे एलिझाबेथ सैन्याच्या नर्सिंग सेवेत दाखल झाली. जखमी सैनिकांना ऑस्ट्रेलियात परत आणणाऱ्या जहाजांवर तिचं काम होतं. १ नोव्हेंबर १९१७ रोजी तिला ‘सिस्टर’ ही बढती मिळाली. हा सैन्यातला हुद्दा होता, पण त्या पुढे आयुष्यभर सिस्टर केनी म्हणूनच राहिल्या आणि विरोधकांना ते आयुष्यभर खुपलं.

इंजिनियर मंडळींसाठी एक खास गोष्ट. शेजारच्या शेतावरची सिल्व्हिया नावाची लहान मुलगी नांगराखाली सापडून जबर जखमी झाली. खराब रस्त्यावरून तिला डॉक्टरकडे न्यायचं तर वाटेतल्या धक्क्यांनीच जीव जाण्याची भीती. केनीबाईंनी कपाटाचं दार काढलं, मुलीला त्यावर पक्कं बांधलं आणि नेलं. मुलगी वाचली. मग बाईंनी त्यावर डोकं लढवून जखमीला कमीत कमी हलवणारं, ऊब देणारं स्ट्रेचर बनवलं आणि १९२७ मध्ये ‘सिल्व्हिया’ नावाने त्याचं पेटंट घेतलं. त्याची रॉयल्टी मिळू लागली, म्हणून पुढे पेशंटकडून पैसे न घेता काम करणं परवडलं. आपण फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत लायब्ररीत बसतो. या बाईंना तो कपाटाच्या दारात सापडला. असो.

१९३२ मध्ये टाउन्सव्हिल इथे त्यांनी मागच्या अंगणात दवाखाना सुरू केला. पेशंट सगळे जुने, बाकीच्यांनी आशा सोडलेले. पोलिओचे आणि सेरेब्रल पाल्सीचेही. बाईंनी काय करावं, तर कॅलिपर काढून ठेवले! गरम पाण्याच्या आंघोळी, शेक, हाताने हळूहळू हालचाल, आणि मग पेशंटने स्वतः करायची हालचाल. मदतीला आसपासच्या मुली आणि नर्सेस. दत्तक मुलगी मेरी तर या कामातच वाढली आणि पुढे त्यांची सर्वांत भरवशाची सहायक झाली.

या मुलींना पुढे ‘केनी टेक्निशियन’ म्हणू लागले. त्यांचं काम नक्की काय होतं हे सविस्तर सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथेच आहे.

पहिला भाग शेकाचा. लोकरीच्या कापडाचे तुकडे स्नायूच्या आकाराचे कापायचे, सांधा मोकळा राहील असे. ते उकळायचे आणि मग पिळायचे, एकदा नाही तर दोनदा, वॉशिंग मशीनच्या रबरी रोलरमधून. इतकं का पिळायचं? कारण पाणी उष्णता भरपूर साठवतं आणि कातडीला पटकन देतं. ओलं कापड भाजून काढेल. पाणी निघून गेलं की लोकरीत राहते वाफ आणि हवा, त्यामुळे कडक उष्णता मिळते पण फोड येत नाही. त्यावर पाणी न झिरपणारं कापड आणि वरून आणखी एक कोरडा लोकरीचा थर. निवलं की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर, गरज पडली तर रात्रीही. एका वॉर्डात वीस मुलं असतील तर हिशोब करा! अमेरिकन नट ॲलन आल्डा यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्यांच्या आईवडिलांनी घरीच त्यांना हे गरम शेक दिले. ते प्रकरण सुखाचं नव्हतं. ओल्या लोकरीचा वास आणि ते चटके बऱ्याच पेशंटना म्हातारपणीही आठवत. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं फारच गोडगोड वाटेल.

दुखणं आणि आखडणं कमी झालं की दुसरा भाग. टेक्निशियन मुलाचा पाय हातात घेते. स्नायूचं टोक हाडाला जिथे चिकटतं तिथे बोट ठेवते आणि सांगते की तुझा स्नायू इथे आहे, तो इकडून ओढतो. मुलांना स्नायूंची नावंसुद्धा शिकवत. मग ती हालचाल टेक्निशियन करते. मुलाने काहीही जोर लावायचा नाही, फक्त लक्ष त्या जागी ठेवायचं. असं अनेकदा. मग एक दिवस मुलाला सांगायचं, आता तू कर. कधी नुसती थरथर होते. कधी काहीच होत नाही. उद्या पुन्हा.

यात एक बारीक मेख आहे. पाय उचल म्हटलं की मूल हुशारी करतं. लुळ्या स्नायूऐवजी कंबर वर ओढतं आणि पाय उचलून दाखवतं. बघणाऱ्याला वाटतं, वा, जमलं! टेक्निशियनला मात्र हे ओळखता आलं पाहिजे, कारण चुकीचा स्नायू एकदा कामाला लागला की बरोबरचा कायमचा बसून राहतो. व्हायव्हामध्ये गाळलेल्या पायऱ्या सर कसे पकडतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे पकडलं नाही तर मूल आयुष्यभर लंगडतं. पलंगसुद्धा खास असे. गादी आणि पायाकडची फळी यांच्यामध्ये जागा ठेवायची, म्हणजे झोपलेल्या मुलाचे तळवे फळीला टेकतात आणि उभं राहण्याची जाणीव शरीरात जागी राहते. उभं राहायला अजून महिने आहेत, पण तयारी झोपल्या दिवसापासून.

प्लास्टरमधल्या मुलाने काहीच करायचं नसतं. इथे मात्र रोजचं अर्धं काम मुलाचं. मला यातला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो.

डॉक्टरांना हे पटलं का? छे! ब्रिस्बेनला सरकारने प्रात्यक्षिक ठेवलं तिथे त्यांची चक्क टिंगल झाली. त्याला थोडं कारण बाईंनीही दिलं होतं. पोलिओ होतो कसा याबद्दलचं त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं. त्यांच्या मते रोग मुळात स्नायूंत होता, मज्जारज्जूत नव्हे. शिवाय कोणी शंका काढली की त्या चारचौघांत त्याला झापत. उंच, रुंद बांधा, डोक्यावर भल्यामोठ्या हॅट, आणि माघार हा शब्द शब्दकोशात नाही. १९३५ मध्ये क्वीन्सलंड सरकारने डॉक्टरांचा चौकशी आयोग नेमला आणि १९३८ मध्ये आयोगाने त्यांच्या पद्धतीवर, विशेषतः हातपाय न बांधण्यावर, कडक ठपका ठेवला. मधल्या काळात त्या इंग्लंडला जाऊन आल्या होत्या आणि तिथल्या रुग्णालयात त्यांना दोन वॉर्डही मिळाले होते. इकडे पालक मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. लोकांचा रेटा इतका की ब्रिस्बेनच्या रुग्णालयात त्यांना एक वॉर्ड आणि पहिल्यांदाच ताजे पेशंट मिळाले. तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांनी पाहिलं की या वॉर्डातली मुलं लवकर सुधारतात आणि त्यांचे हातपाय जास्त लवचीक राहतात. बाकी डॉक्टर मंडळींनी दुर्लक्ष केलं. शेवटी १९४० मध्ये सरकारनेच त्यांचं अमेरिकेचं तिकीट काढलं.

वय साठीला आलेलं. मेरीला घेऊन त्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या. न्यूयॉर्क, शिकागो, कुठेही दाद लागली नाही. परत फिरायच्या बेतात असताना मेयो क्लिनिककडून त्यांना मिनिआपोलिसला जायला सुचवलं गेलं. तिथले कोल, नॅप आणि पोल हे तीन डॉक्टर जरा वेगळे निघाले. थिअरी बाजूला ठेवून त्यांनी पेशंटकडे पाहिलं. पोलिओसाठी निधी जमवणाऱ्या राष्ट्रीय प्रतिष्ठानने पैसे दिले, १९४१ मध्ये पद्धतीला मान्यता मिळू लागली आणि १७ डिसेंबर १९४२ रोजी मिनिआपोलिसमध्ये सिस्टर केनी इन्स्टिट्यूट उघडली. काही वर्षांत देशभरातल्या वॉर्डांतून स्प्लिंट हद्दपार झाले. १९४६ मध्ये तर हॉलिवूडने त्यांच्यावर सिनेमा काढला आणि त्यातल्या कामासाठी रोझलिंड रसेल यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

पण खरं भांडण पुढे झालं, आणि ते टेक्निशियनच्या प्रशिक्षणावरून. केनीबाईंचं म्हणणं, नीट टेक्निशियन घडायला दोन वर्षं लागतात. बोटांना स्नायू कळायला वेळ लागतो, तो पुस्तकातून येत नाही. दुसऱ्या बाजूची अडचणही खरी होती. दर उन्हाळ्यात साथ यायची, वॉर्ड भरून वाहायचे, महायुद्ध चालू, माणसं कमी. म्हणून नर्स आणि फिजिओथेरपिस्टसाठी काही आठवड्यांचे, काही महिन्यांचे छोटे कोर्स निघाले. त्यातून बाहेर पडलेल्यांना शेक देता यायचा, पण पुढचं स्नायू शिकवण्याचं नाजूक काम कच्चं राहायचं. बाई संतापायच्या. आणि टेक्निशियनचा दर्जा काय? ती फक्त डॉक्टरची चिठ्ठी पाळणारी, की पेशंटच्या शरीरात काय चाललंय हे पाहून स्वतः ठरवणारी? बाईंना दुसरं हवं होतं. डॉक्टरांना ते कसं चालेल! इथे मला दोन्ही बाजू दिसतात. हात लावणाऱ्याला जे कळतं ते राउंड घेणाऱ्याला कळत नाही, हे खरं. पण बाई स्वतःच्या आकड्यांची तपासणी कोणाला नीट करू देत नसत, हेही खरं. बरे झालेल्यांचं प्रमाण त्या फार वाढवून सांगत. पोलिओत बरेच पेशंट आपले आपणही सुधारतात, तेही सगळे त्या आपल्या खात्यात मांडत. १९४४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने नेमक्या याच दाव्यांवर टीका केली. आपण लॅबमध्ये कंट्रोल रीडिंग न घेता रिझल्ट लिहिला तर जर्नल परत मिळतं. त्यांनाही ते मिळायला हवंच होतं.

तरी गंमत बघा. त्यांचा सिद्धांत मागे पडला, त्यांचे खास शब्द कोणी वापरत नाही, आणि प्लास्टर मात्र पुन्हा आलं नाही. त्यांना खोडून काढणारे डॉक्टरसुद्धा शेक आणि हालचाल चालूच ठेवत होते.

१९५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांना व्हिसाशिवाय देशात ये-जा करण्याची परवानगी दिली. हा मान फार थोड्या परदेशी लोकांना मिळाला आहे. तोपर्यंत त्यांचे स्वतःचेच हात थरथरू लागले होते, पार्किन्सन्सने. दुसऱ्यांना हातपाय चालवायला शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाई शेवटी टूवूम्बाला परतल्या. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी त्या गेल्या. नॉबीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. जिथून घोड्यावर निघायच्या तेच गाव.

त्याच १९५२ साली अमेरिकेत पोलिओचे जवळजवळ ५८ हजार रुग्ण झाले होते, तोवरचा उच्चांक. तीन वर्षांनी, एप्रिल १९५५ मध्ये, साल्क यांची लस यशस्वी झाल्याची घोषणा झाली आणि वॉर्ड हळूहळू रिकामे झाले. त्याच १९५५ मध्ये आपल्या मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. आपल्याकडे लस सगळ्यांपर्यंत पोचायला अजून कित्येक दशकं होती, त्यामुळे पोलिओ झालेली मुलं, कॅलिपर, सांध्यांचे व्यायाम हे सगळं इथे खूप काळ चाललं.

मिनिआपोलिसच्या इन्स्टिट्यूटपुढे प्रश्न होता, पोलिओच संपला तर आता करायचं काय? पण स्नायूंना पुन्हा शिकवणारी माणसं तयार होती. पोलिओच्या जागी पक्षाघात झालेले, अपघातात मणका दुखावलेले पेशंट येऊ लागले. २०१३ मध्ये करेज सेंटर ही संस्था तिच्याशी जोडली गेली आणि नाव करेज केनी झालं. उकळत्या लोकरीचा वास तिथून केव्हाच गेला. पलंगावरून खुर्चीत आपलं आपण कसं बसायचं, चमचा कसा धरायचा, शर्टाचं बटण एका हाताने कसं लावायचं, हे मात्र तिथे रोज कोणीतरी कोणालातरी शेजारी बसून शिकवत असतं.